परसातल्या पिल्लांचे पाय : प्रस्तावना

वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते तिथे, खाडीच्या दक्षिण तीराला, गुहागर तालुक्यातले अंजनवेल आहे. बाहेरचा माणूस इथे येतो तो गोपाळगड पाहायला, दीपगृहापर्यंत फेरी मारायला, नाहीतर धोपाव्याहून फेरीबोटीने पलीकडे दाभोळला उतरायला. आपला विषय या वाटांवर सहसा दिसत नाही. तो घरांच्या मागे आहे. परड्यात, केळीच्या आळ्यात, पातेऱ्याच्या ढिगाशी माती उकरणाऱ्या कोंबडीमागे जी पाच-दहा पिल्ले धावत असतात, त्यांच्या आजारांचा आणि विशेषतः त्यांच्या पायांच्या दुखण्यांचा हा अभ्यास आहे. त्याकडे वाचकांनी थोडा वेळ वळावे, एवढीच विनंती घेऊन ही प्रस्तावना लिहीत आहे.

कोकणातल्या घरात कोंबडी कोणाची, हे संध्याकाळी खुराड्याची कडी कोण लावते त्यावरून कळते. बहुतेक घरांत ती बाई असते, आणि अंड्यांचे चार पैसेही तिच्याच डब्यात जातात. शाळेच्या वह्या, एसटीचे भाडे, औषधाची पट्टी असे बारीक खर्च त्यातून भागतात. चाकरमानी गणपती-शिमग्याला आला की कोंबडी-वडे होतात, देवाला बोललेला कोंबडा याच खुराड्यातून जातो. हे सगळे छोटे वाटते, पण 2019 च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्यांची संख्या 31 कोटी 70 लाखांवर भरली आणि आधीच्या गणनेपेक्षा ती जवळजवळ 46 टक्क्यांनी वाढलेली होती. मोठमोठ्या शेडच्या जमान्यात परसातली कोंबडी मागे पडेल असे अनेकांना वाटत होते. ती वाढली.

तरीही तिच्या आजारांविषयी लिहिले गेले ते फार कमी. गाय आजारी पडली तर डॉक्टर येतात, आणि यायलाच हवेत. हजारो पक्ष्यांच्या शेडसाठी शास्त्र आहे, औषधे आहेत, कंपन्यांचे तज्ज्ञ आहेत. पण त्या शास्त्राचे एकक म्हणजे अख्खा कळप. तिथे एक पिल्लू लंगडले तर ते बाजूला काढून टाकणे हाच हिशेबाचा मार्ग ठरतो. आठ पिल्ले असलेल्या बाईला हा हिशेब लागू होत नाही. तिच्यासाठी एक पिल्लू म्हणजे आठातले एक, आणि ती तलंग निघाली तर पुढची काही वर्षे अंडी देणारी कोंबडी. एका पिल्लासाठी डॉक्टरला कसे बोलवायचे, या संकोचात ते टोपलीखाली झाकले जाते आणि दोन दिवसांत जाते. गोठा आणि पोल्ट्री यांच्या मधल्या रिकाम्या जागेत ही विद्या उभी राहायला हवी, असे मला मनापासून वाटते.

ज्यांना हा विषय किरकोळ वाटेल त्यांनी थोडे मागे वळून पाहावे. लुई पाश्चर यांना 1879 च्या सुमारास रोगजंतू दुर्बल करून लस करण्याची वाट सापडली, ती कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करताना. आणि आपल्या विषयाच्या अधिक जवळची गोष्ट आहे ती ख्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरची. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, बेरीबेरी या रोगाचे कारण ते शोधत होते. प्रयोगशाळेच्या आवारातल्या कोंबड्यांचे पाय अचानक लुळे पडू लागले. त्यांना उभे राहवेना, चालताना तोल सावरेना. रोगजंतू शोधून सापडला नाही. मग काही महिन्यांनी, कसलाही उपचार न होता, त्याच कोंबड्या बऱ्या झाल्या. चौकशीत कळले की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला सडीक पांढऱ्या तांदळाचा भात घातला जात होता, आणि नव्या स्वयंपाक्याने तो देणे बंद केल्यावर त्या पुन्हा साध्या, कोंडा न काढलेल्या तांदळावर आल्या होत्या. तांदळाच्या कोंड्यात पायांना बळ देणारे काहीतरी आहे, एवढे त्यातून दिसले. पुढे त्यालाच थायमिन किंवा ब-1 जीवनसत्त्व म्हटले गेले आणि 1929 मध्ये आइकमन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जीवनसत्त्वांच्या शोधाची एक वाट लंगड्या कोंबड्यांच्या मागून गेली आहे, ही गोष्ट भात खाणाऱ्या आणि कोंबड्यांना भातच घालणाऱ्या कोकणाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

तिचा व्यवहारात उपयोगही आहे. आपल्याकडे पिल्लांना पहिला चारा पडतो तो कण्यांचा. आईबरोबर परड्यात हिंडणारे पिल्लू कण्यांवर थांबत नाही. ते वाळवी टिपते, गांडूळ ओढते, कोवळा पाला खाते आणि उणीव स्वतःच भरून काढते. मुंगुसाच्या, घारीच्या भीतीने किंवा पावसामुळे पिल्ले आठवडाभर झाकून ठेवली आणि पुढ्यात फक्त पांढऱ्या कण्या टाकल्या, की पायांची दुखणी सुरू होतात. म्हणून पायाच्या दुखण्याची चौकशी अनेकदा पायापाशी न होता चाऱ्याच्या वाटीपाशी करावी लागते.

इथेच या विषयाची गुरुकिल्ली आहे, आणि नव्या वाचकांनी ती आधी हाती घ्यावी. लंगडणे हे लक्षण आहे. पिल्लू दारात पाय चेंगरून लंगडते, चाऱ्यातल्या उणिवेने लंगडते आणि विषाणूनेही लंगडते. तिन्ही वेळा ते एका कोपऱ्यात बसून राहते, आणि लांबून पाहणाऱ्याला तिन्ही सारखीच दिसतात. पहिल्याला पट्टी हवी, दुसऱ्याला पोषण, आणि तिसऱ्याला इतर पिल्लांपासून ताबडतोब दूर न्यायला हवे. हळद-तेलाचा लेप लावण्याआधी यातले कोणते, हे ठरवणे म्हणजे अर्धे काम.

ते ठरवायचे हातात घेऊन. पिल्लू शक्यतो संध्याकाळी, खुराड्यात शिरल्यावर उचला. दिवसा पाठलाग करून धरलेले पिल्लू धापा टाकते, आणि मग ती धाप आजाराची की पळापळीची, हे कळत नाही. त्याला तळहातावर घ्या, पंख बोटांत सैल धरा, छाती मुळीच आवळू नका. पक्ष्याला श्वास घ्यायला छाती हलावी लागते. आता दोन्ही पाय शेजारी शेजारी आणून पाहा. चांगला पाय हेच तुमचे माप. पायाच्या मध्यावर जो सांधा मागे वाकलेला दिसतो आणि ज्याला आपण पिल्लाचा गुडघा म्हणतो, तो खरे तर त्याचा घोटा असतो. गुडघा वर, मांडीच्या पिसांत लपलेला असतो. दोन्ही घोट्यांवर बोट ठेवा. एक सुजलेला आणि दुसऱ्यापेक्षा कढत लागला तर आत मार किंवा जंतुसंसर्ग आहे. मग एकेक बोट हलकेच चिमटीत धरा. निरोगी पिल्लू पाय झटक्याने ओढून घेते. ओढले नाही, तर दुखणे हाडापेक्षा नसेत असण्याचा संभव अधिक. शेवटी तळवा पाहा. तिथे काळी खपली आणि तिच्याभोवती सूज दिसली, तर जांभ्याच्या धारदार खड्याने किंवा काट्याने झालेल्या जखमेत पू धरला आहे.

अंजनवेलसारख्या खाडीकाठच्या गावात आणखी एक गोष्ट शोधावी लागते, ती पुस्तकांत सहसा नसते. जाळी शिवताना पडलेले नायलॉनचे धागे अंगणात मातीत मिसळतात. माती उकरताना असा धागा पिल्लाच्या पायाला विळखा घालतो, आणि पिल्लू वाढते तसा तो मांसात रुततो. खालचा पंजा सुजून काळपट पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. सूज खाली आणि वर एक बारीक खाच दिसली, तर उजेडात, बारीक कात्रीने, धागा सोडवून काढा, जखम पोविडोन आयोडीनने पुसा आणि बरी होईपर्यंत पिल्लाला मातीपासून दूर ठेवा. वेळेत सुटलेला पाय बहुधा वाचतो. जाळ्याचे तुकडे अंगणातून वेचून टाकणे हा याहून सोपा उपाय आहे.

जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांतच पाय दोन्ही बाजूंना फाकून पिल्लू पोटावर बसत असेल, तर दोष बहुधा जमिनीचा असतो. खुडूक कोंबडीखाली, पेंढ्यात निघालेल्या पिल्लांत हे क्वचित दिसते. अलीकडे गिरिराज, वनराज अशा सुधारित जातींची एक दिवसाची पिल्ले खोक्यातून घरी येतात आणि बल्बखाली वर्तमानपत्रावर ठेवली जातात. गुळगुळीत कागदावर पाय घसरतात, आणि कोवळे सांधे तसेच वळतात. कागदावर गोणपाट किंवा दोन-तीन बोटे भाताचे तूस घाला. फाकलेल्या पायांना घोट्याच्या खाली मऊ चिकटपट्टीची छोटी बेडी घाला, पाय नैसर्गिक उभे राहण्याइतके दूर राहतील अशी. रोज ती सोडून सूज येत नाही ना ते पाहा. उपचार पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झाला तर बहुतेक पिल्ले आठवड्याच्या आत चालू लागतात. उशीर झाला तर सांधा तसाच पक्का होतो. वेळेला इतके मोल असलेले दुखणे या विषयात दुसरे नसेल.

बोटे आतल्या बाजूला मुठीसारखी वळली आणि पिल्लू घोट्यांवर टेकत चालू लागले, तर ब-2, म्हणजे रिबोफ्लेविन, या जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. जीवनसत्त्वाचे थेंब लवकर मिळाले तर बोटे सरळ होतात. हिरवा पाला, थोडे उकडलेले अंडे, भिजवून धुतलेली सुकट हा घरचा आधार आहे. सुकट धुतलीच पाहिजे, कारण जास्त मीठ पिल्लांना विषासारखे बाधते. घोट्यामागची कंडरा खोबणीतून सरकून पाय बाजूला वळतो त्या दुखण्यात मँगनीज आणि कोलीन यांची उणीव अनेकदा सापडते. मँगनीज कोंड्यात भरपूर असते. एकदा पूर्ण सरकलेली कंडरा मात्र घरी जागेवर बसवणे कठीण, आणि बसली तरी टिकेलच असे नाही. मऊ, वाकणाऱ्या हाडांना कॅल्शियम आणि ऊन, दोन्ही लागतात. शिंपल्यांचा चुरा समुद्रकाठी फुकट मिळतो, श्रावणातले ऊन मात्र जपून वापरावे लागते. मोडलेल्या हाडाला पेयाच्या नळीचा उभा चिरलेला तुकडा कापसावर बांधून आधार देता येतो. पिल्लांची हाडे लवकर, साधारण दोन-तीन आठवड्यांत, जुळतात.

या सगळ्यांत एक काळजी सारखीच. दुबळ्या पिल्लाला बाकीची टोचतात, आणि रक्त दिसले तर थांबत नाहीत. त्याला वेगळे ठेवा, पण इतरांचा आवाज ऐकू येईल असे. पाणी आणि चारा बसल्या जागी चोच पोचेल एवढ्या अंतरावर हवा. लंगडी पिल्ले पायाच्या दुखण्यापेक्षा तहानेने अधिक मरतात.

आता आजार. कोकणात त्यांचे पंचांग पावसाचे आहे. आगोटीला खुराड्याची जमीन ओली झाली की तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत रक्ती हगवण येते. आतड्यात वाढणाऱ्या सूक्ष्म परजीवीची बीजे विष्ठेतून पडतात आणि उबदार ओलाव्यात एक-दोन दिवसांत रोग देण्याजोगी होतात. पिसे फुगवून, डोळे मिटून बसलेल्या पिल्लाची विष्ठा पाहिली नाही तर हा रोग ओळखता येत नाही. पाण्यातून देण्याचे औषध पशुवैद्यकाकडे मिळते आणि गुणही येतो, पण खुराडे कोरडे नसेल तर रोग पुन्हा फिरतो. जमिनीपासून हातभर उंच फळ्यांचे खुराडे, पागोळ्यांपासून दूर, आणि खालची विष्ठा रोज काढणे यावर मी या विषयात सर्वांत जास्त भर देईन. याच दिवसांत डास देवीचा रोग पसरवतात. तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती खपल्या येतात. त्यावर लस आहे.

मानमोडीविषयी, म्हणजे राणीखेत रोगाविषयी, वाचकांनी शांतपणे पण पुरेपूर जाणून घ्यावे. हिरवट-पांढरी हगवण, चोच उघडून श्वास, लुळे पडणारे पाय आणि पंख, वाकडी होणारी मान ही त्याची लक्षणे. लस न दिलेल्या पिल्लांतून त्याने घर रिकामे केल्याच्या आठवणी प्रत्येक वाडीत आहेत. औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, चार-पाच आठवड्यांनी पुन्हा, आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी ही टोचायची लस, असा साधारण क्रम. पुण्यात औंधला राज्याची पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था आहे आणि तिथे अशा लसी तयार होतात. अडचण लशीची नसते, संख्येची असते. एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात. कुपी फोडून मिसळली की ती तास-दोन तासांत संपवावी लागते, आणि तोवर थंड ठेवावी लागते. एका घरची दहा पिल्ले त्याला पुरत नाहीत. अख्ख्या वाडीने एक दिवस ठरवला तर पुरतात. मासळीसाठी बर्फाची पेटी असणाऱ्या गावाला लस थंड ठेवणे शिकवावे लागत नाही. मासळीचा बर्फ आणि पिल्लांची लस एकत्र आली तर अंजनवेलसारखी गावे या बाबतीत पुष्कळांच्या पुढे जातील, असा माझा विश्वास आहे.

सहा आठवड्यांनंतर, चांगल्या वाढणाऱ्या पिल्लाचा एक पाय पुढे आणि एक मागे असा ताणला गेला, तर मरेकच्या रोगाची शंका घ्यावी. योझेफ मरेक या हंगेरियन पशुवैद्यकाने 1907 मध्ये त्याचे वर्णन केले. यावर उपाय नाही. पिल्लू अंड्यातून निघते त्याच दिवशी उबवणी केंद्रात लस द्यावी लागते. खोक्यातली पिल्ले घेताना ती दिली आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. अशा पिल्लाला ओढत जगवण्यापेक्षा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने त्याचे हाल संपवणे यातही दया आहे, आणि ते लिहिताना संकोच वाटू नये.

काही गोष्टी टाळाव्यात. घरातल्या माणसांच्या गोळ्या कुटून पिल्लांना देऊ नयेत. उरलेले प्रतिजैविक अंदाजाने पाण्यात टाकू नये. त्याचा अंश अंड्यांत उतरतो, आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात. याच काळजीने कोलिस्टिन हे प्रतिजैविक पशुपालनात वापरण्यावर केंद्र सरकारने 2019 मध्ये बंदी घातली. मरणाला टेकलेली कोंबडी कापून खाण्याची सवय सोडावी. मेलेले पिल्लू खाडीत किंवा वहाळात न टाकता चुना घालून खोल पुरावे. आणि एकाएकी बरेच पक्षी मेले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. भारतातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी 2006 मध्ये महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला, आणि जानेवारी 2021 मध्ये खाडीपलीकडच्या दापोलीत मेलेल्या कावळ्यांतही तो आढळला. तशी वेळ क्वचित येते. आली तर लवकर कळवणाऱ्याने साऱ्या तालुक्याचे भले केलेले असते.

गावातल्या जुन्या बायकांना यातले बरेच ठाऊक आहे. कोणते पिल्लू उद्या बसणार हे त्या आवाजावरून सांगतात, राखेत लोळू देऊन उवा घालवतात, बसलेल्या पिल्लाला चोचीशी थेंब थेंब पाणी लावतात. नव्या वाचकांनी पुस्तक वाचून त्यांना शिकवायला जाण्याआधी एक संध्याकाळ त्यांच्या खुराड्याशी बसावे. त्यांचे पाहणे आणि शास्त्राची कारणे एकमेकांना पूरक आहेत. नजर लागली म्हणून मीठ ओवाळणाऱ्या आजीशी वाद घालण्यापेक्षा, ओवाळून झाल्यावर पिल्लू तिच्याच हातून वेगळ्या टोपलीत ठेवून घेणे अधिक उपयोगाचे.

सुरुवात निरोगी पिल्लापासून करा. आठवडाभर रोज संध्याकाळी एकेक हाती घ्या, घोट्याची ऊब, बोटांची पकड, तळव्याचा मऊपणा बोटांना ओळखीचा होऊ द्या. एक वही ठेवा. तिच्यात पिल्ले कधी निघाली, लस कोणत्या दिवशी दिली, काय खायला घातले, एवढेच लिहा. मग कधी पिल्लू बसलेले दिसले आणि तुम्ही पंचायत समितीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलात किंवा 1962 या क्रमांकावर फोन केलात, तर पिल्लाचे वय किती, एक पाय की दोन्ही, कधीपासून, विष्ठेचा रंग कसा, बाकीच्यांपैकी किती बसली आहेत आणि लस झाली आहे का, ही उत्तरे वहीसकट तयार ठेवा. संकोच न करता एकाच पिल्लासाठी विचारा.